अठराव्या दिवशीचं पाणी

सई आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर सईने सांगितलं की सुट्टीत तिच्या प्राध्यापिका गावाला जाणार आहेत आणि काचघरातल्या रोपांची जबाबदारी त्यांनी तिच्यावर टाकली आहे. पाण्याच्या टंचाईत कोणतं रोप किती तग धरतं, याचा त्यांचा काहीतरी प्रयोग चालू आहे म्हणे. सई खुशीत होती. मी "छान" म्हटलं आणि तुमच्याकडच्या थंडीबद्दल विचारत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र मला चैन पडेना. म्हणून हे लिहायला बसले.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे ते वर्गात इंग्रजीतून शिकवत आणि झाडांशी मराठीत बोलत. तेव्हा मराठीतच बरं. अडलं तर बाबाला विचारा. त्याचाही यात थोडा भाग आहे, पण ते त्याला ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. सर तिथे शिकवायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना नुसतं सरच म्हणायचो. लग्न केलेलं नव्हतं. सातपूरला दोन खोल्यांत राहायचे. शेजारीपाजारी सगळे कारखान्यांतले कामगार. मे महिन्यात दुपारी ते घामाघूम होऊन पहिल्या शिफ्टहून परतत, तेव्हा सर टोपी घालून बाहेर पडत. "सर, तुमची आता सेकंड शिफ्ट का?" असं कुणीतरी रोज विचारायचं आणि सर रोज गंभीरपणे "हो" म्हणायचे.

झाड बघायचं तर दुपारी दोनला, हा त्यांचा नियम. सकाळी सगळेच टवटवीत असतात, त्यात काय बघायचं, असं ते म्हणत. दुपारी दोनला कोणी पान मिटलंय, कोणी उन्हाकडे पानाची कड वळवलीय, कोणी अजून मोकळं उभं आहे, ते दिसतं. माणसांकडेही ते त्याच वेळेला जायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले ते दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना. चहा व्हायच्या आत त्यांनी प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल पाहिली होती. माझ्या सासूबाईंना म्हणाले, "रोज पाणी घालून तुम्ही या तुळशीला आळशी करून ठेवलंय. मुळं वरच्या वरच राहिलीत. चार दिवस गावाला गेलात तर मरेल." सासूबाई त्यांना त्या दिवसापासून "कोरडे मास्तर" म्हणू लागल्या. पण मी पाहत होते, त्या तुळशीला एक दिवसाआड पाणी घालायला लागल्या.

मेनरोडच्या एका बांगडीवाल्याकडून ते बिनरंगाची नेलपॉलिश न्यायचे, महिन्याला तीन-चार बाटल्या. पानाच्या पाठीवर तिचा पातळ थर लावायचा, वाळू द्यायचा आणि पापुद्रा अलगद सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पानाची सगळी रंध्रं त्यावर उमटलेली असतात. किती उघडी आणि किती मिटलेली, ते मोजायचं. झाड याच रंध्रांतून श्वास घेतं आणि याच रंध्रांतून त्याचं पाणी उडून जातं. उघडी ठेवावीत तर तहान, मिटावीत तर उपास. सर म्हणत, दुष्काळात झाडाचा सगळा संसार या एका दाराच्या कडीवर चालतो. बांगडीवाल्याच्या बायकोने एकदा न राहवून विचारलं, घरी आहे तरी कोण? सर म्हणाले, "दीडशे जणी आहेत. सगळ्या तहानलेल्या." ही गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये वर्षभर पुरली.

दरवर्षी ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन सहलींना न्यायचे. नाशिकरोडहून रेल्वेने एकदा वर इगतपुरीला आणि आठ दिवसांनी उलट्या दिशेने नांदगावला. इगतपुरीला इतका पाऊस की वह्यांना बुरशी यायची, नांदगावला आभाळ बघत बसायचं. दोन्हीकडून ते सागाचं एकेक पान आणत आणि फळ्यावर शेजारी शेजारी टाचणीने लावत. इगतपुरीचं पान सुपाएवढं, नांदगावचं हाताच्या पंजाहून थोडं मोठं, जाड आणि खरखरीत. मग मुलांना विचारत की यातलं गरीब कोण? मुलं लहान पानाकडे बोट दाखवत. सर मान हलवत. "ते गरीब नाही. त्याला खर्च कळतो." उन्हाळा वाढला की ते पानही साग टाकून देतो, बाभूळ तर मुळातच बारीक पानं काढते, बोरीचं मूळ विहिरीसारखं खाली जातं, बाजरी आपलं पान विडीसारखं गुंडाळून घेते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या नातेवाइकाचं कौतुक करावं तसा व्हायचा.

आपल्या भागातले शेतकरी मोसंबीचा, डाळिंबाचा बहर धरायचा असला की आधी बागेचं पाणी तोडतात. त्याला "ताण देणं" म्हणतात. झाड पानं गाळतं, मरायला टेकल्यासारखं दिसतं, मग पाणी दिलं की अंगभर फुलतं. सर म्हणत, पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या आधी हे शास्त्र या लोकांकडे होतं. त्यात एकच अवघड गोष्ट असते, ताणाच्या दिवसांत बागेकडे बघूनही पाण्याला हात न लावणं.

आता बाजरीबद्दल. बहात्तरच्या दुष्काळात सर नांदगावकडे गेले होते. सगळं रान करपलेलं आणि मधे एका तुकड्यात बाजरी उभी, खुजी पण दाणा भरलेली. ते शेत एका विधवा बाईंचं होतं. सर त्यांना मावशी म्हणायचे. मावशींच्या सासूच्या सासूपासून घरात तेच बी चालत आलं होतं. सरांनी ओंजळभर बी मागून आणलं आणि कॉलेजच्या मागे जाळीची शेड बांधून कुंड्यांत पेरलं. दरवर्षी ते रोपांना ताण देत. जी शेवटपर्यंत टिकतील त्यांच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवून दोरा बांधत, म्हणजे दुसऱ्याचा पराग लागायला नको. कॉलेजातले लोक म्हणायचे, सरांनी बाजरीच्या मुंजी लावल्यात. पाच वर्षांत त्या एका ओंजळीतून त्यांनी चार वाण वेगळे काढले. त्यांतला सगळ्यात चिवट कोणता ते ठरवायचं आणि त्याचं बी वाढवून मावशींना परत द्यायचं, एवढा एकच त्यांचा बेत होता. नोकरीतली बढती त्यांनी यासाठी सोडली होती, कारण बढती म्हणजे दुसऱ्या गावी बदली.

शेवटची परीक्षा पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात ठेवली होती. चार वाण, प्रत्येकाच्या दहा कुंड्या. एकवीस दिवस थेंबभर पाणी द्यायचं नाही. मग पाणी देऊन कोण उठतं ते मोजायचं. आणि नेमकी विदर्भात त्यांची बहीण आजारी पडली. जाताना त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली. विभागात मी सगळ्यांत नवी होते, पण माझ्या वहीत खाडाखोड नसते हे त्यांनी पाहिलं होतं. रोज सकाळी तापमान लिहायचं, पानांची अवस्था लिहायची आणि पाण्याच्या रकान्यात आडवी रेघ मारायची. "मेल्यासारखी दिसतील," ते म्हणाले, "दिसू देत."

सोळाव्या दिवशी त्यांचं पत्र आलं की यायला आणखी पाच दिवस लागतील, एकविसाव्या दिवशीच पोचेन, सूचना त्याच.

त्याच दिवसांत तुमच्या बाबाला जुलाब लागले. तीन वर्षांचा होता. दोन दिवस दवाखान्यात होतो. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते आणि डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडून बिस्किट मागितलं. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या आणि मी तिथून तशीच कॉलेजात गेले, वही भरायला. तो ताणाचा अठरावा दिवस होता. शेड उघडली. चाळीसच्या चाळीस कुंड्यांतली पानं सुतळीसारखी वळलेली, रंग राखेचा. कोपऱ्यात माळ्याची बादली भरलेली होती.

मी पाणी घातलं. प्रत्येक कुंडीला बरोबर एक मग, कमी नाही, जास्त नाही. कुणावर अन्याय व्हायला नको असंही मनात आल्याचं आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं उलगडलेली होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसले. मग वही उघडली, अठराव्या दिवसापुढे पाण्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि तापमान लिहिलं.

सर परत आले तेव्हा पानं पुन्हा वळली होती. त्यांनी पाणी दिलं आणि दोन दिवसांत चारही वाण उठले. एकही रोप दगावलं नाही. दोन वाण तरी बाद होतील असा त्यांचा अंदाज होता. ते शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिले, मग माझी वही घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मला म्हणाले, "बाई, ही पोरं माझ्या पुढे गेली." मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगवेना. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या वहीचीही काळजी होती.

चारही सारखेच चिवट निघाले, तर ज्याचं कणीस भरघोस तो निवडायचा, असा त्यांनी सरळ हिशेब केला. तो तिसरा वाण होता. त्या पावसाळ्यात कॉलेजच्या तुकड्यात त्याचं बी वाढवलं. बाकीच्या तिघांचं थोडं थोडं बी पत्र्याच्या डब्यांत भरून कपाटावर ठेवलं. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी सर स्वतः पोतं घेऊन नांदगावला गेले. तुमच्याच बाजरीची नातवंडं आहेत, असं ते मावशींना म्हणाले. मावशींनी विश्वासाने सगळ्या रानात तेच पेरलं आणि घरातलं जुनं बी दळून खाल्लं.

त्या वर्षी पेरणीनंतर पावसाने महिनाभर तोंड दाखवलं नाही. सर मला घेऊन गेले, दुपारी दोनला पोचू अशा बेताने. शेजारच्या रानांत साधी गावठी बाजरी पिवळी पडली होती पण उभी होती. मावशींच्या रानात सगळं आडवं झालेलं. मावशी बांधावर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, तुमची बाजरी लय शिकलेली दिसती. उन्हात उभी राहात नाय." सरांनी खाली वाकून एक रोप उपटलं, मुळाची लांबी वितीने मोजली आणि ते रोप हातात घेऊनच स्टेशनपर्यंत चालत आले. गाडीत मला म्हणाले, "माझं निरीक्षण चुकलं. कुंड्यांनी मला फसवलं का मीच नीट पाहिलं नाही, कळत नाही." मी म्हणाले, "कुंडीतली माती वेगळी, रानातली वेगळी, सर." हे तेव्हा मला समजूतदारपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शेडची किल्ली ऑफिसात जमा केली. माळ्याने कुंड्यांत गुलाब लावले. सर दुपारचे बाहेर पडेनासे झाले. नेलपॉलिश बंद झाली. वर्गात ते नोट्स सांगू लागले, इतर सगळे सांगतात तशा. सहली दुसऱ्या कुणीतरी नेल्या. सातपूरच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलं की शेजारी त्यांना आता काही विचारत नाहीत. मी ऐकून घ्यायचे. दरवर्षी ठरवायचे की या दिवाळीनंतर सांगू. मधल्या काळात मी लेक्चरर झाले, तुमची आत्या झाली, स्कूटर आली. सात वर्षं गेली.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनी चार-पाच वाक्यांचंच भाषण केलं. मुलांना म्हणाले, "माझ्याकडून एक शिका. मी वाईट निरीक्षक होतो, आणि वाईट निरीक्षकाने दुसऱ्याच्या रानात जाऊ नये." लोकांना तो नम्रपणा वाटला, टाळ्या झाल्या. मला तिथे बसवेना. कार्यक्रम संपल्यावर ते प्रयोगशाळेत आपला चष्म्याचा डबा शोधत होते, तिथे मी गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, त्या वर्षी मी पाणी घातलं होतं."

त्यांना कोणतं वर्ष ते विचारावं लागलं नाही. "कितव्या दिवशी?"

"अठराव्या."

"किती?"

"एकेक मग."

"चारी वाणांना?"

"चारी."

ते स्टुलावर बसले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. मला वाटलं आता रागावतील. त्यांचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला, असा की सात वर्षांत मी पाहिला नव्हता. "म्हणजे तिसरा एकविसाव्या दिवसापर्यंत टिकलाच नसता. पहिला टिकला असता. मला वाटतच होतं पहिला. त्याची रंध्रं सकाळी दहालाच मिटायची, बाई, मी लिहून ठेवलंय." मग ते थांबले. "बाळ आजारी होतं ना तुमचं तेव्हा," एवढं म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "सात वर्षं झाली, बाई."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यांना लगेच कळला होता. त्यांनी खुर्चीवर चढून कपाटावरचे डबे काढले. पहिल्या वाणाचे शंभर दाणे मोजून ओल्या टीपकागदावर मांडले, झाकण ठेवलं. बी झोपून वाट पाहतं, पण त्यालाही मुदत असते, आणि पत्र्याच्या डब्यात नाशिकच्या सात उन्हाळ्यांची मुदत फार होते. आम्ही चार दिवस रोज झाकण उघडून पाहिलं. पाचव्या दिवशी दाण्यांवर बुरशी आली. इतर दोन डब्यांचंही तेच झालं. मी पहिल्याच वर्षी बोलले असते तर त्यांतला प्रत्येक दाणा उगवला असता. पाणी घातलं ही माझी चूक होती, ती सर विसरूनही गेले असते. गप्प राहिले ही मात्र सात वर्षं रोज नव्याने केलेली चूक होती.

मग ते म्हणाले, मावशींना सांगायला जाऊ या. आम्ही गेलो. मावशी थकल्या होत्या, पण ओट्यावर बसून निवडणं चालू होतं. मी सगळं सांगितलं, पोराच्या आजारासकट. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पाणी घातलं त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "वाळलेलं रोप दिसलं की हात जातोच. पण बाई, त्या साली बांधावर तुम्ही माझ्याशेजारी उभ्या व्हत्या. तवा का नाय बोलल्या? मास्तर इथून मान खाली घालून गेला. म्या त्याला हसले."

 

सरांनी मावशींना विचारलं, जुनं बी अगदीच संपलं का? त्या म्हणाल्या की लेक येवल्याकडे सासरी गेली तेव्हा तिच्याबरोबर दोन पायल्या बी दिलं होतं, ती अजून तेच पेरते. घरात तिने पाठवलेलं थोडं होतं. मावशींनी ओंजळभर आणून सरांपुढे धरलं. सरांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने दाणे सरकवून पाहिले आणि परत त्यांच्या सुपात ओतलं. "पाच वर्षं लागतात, मावशी. शिवाय आता शेड नाही, कुंड्या नाहीत. मला जमायचं नाही."

मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे नोकरीची पुरती वीस वर्षं होती, शेडची किल्ली मागितली असती तर मिळाली असती. मी करते, असं मी म्हणाले नाही. मुलांच्या परीक्षा होत्या, घराचं काम काढलेलं होतं. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटतं. मग ते मावशींना आपल्याकडच्या बोरींबद्दल विचारू लागले.

ते निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. बहिणीकडे विदर्भात गेले, तिथेच वारले. मला दोन महिन्यांनी कळलं.

सई, तुझ्या हातून पाणी घातलं गेलं तर घाबरू नकोस. त्याच दिवशी लिही आणि त्याच दिवशी सांग.

सरांच्या चार वाणांपैकी एकही आज कुठे नाही. शेडच्या जागी वाहनतळ आहे. मावशीही गेल्या. त्यांची जुनी बाजरी लेकीच्या रानात अजून पेरली जाते, आता तिची सून पेरते. मी गेल्या महिन्यात फोन करून विचारलं. यंदाही पेरली आहे.